स्क्रीनवर चालतं, सेव्ह होत नाही: मॅटप्लॉटलिबच्या अ‍ॅनिमेशन एररची पार्श्वभूमी

ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्री नदीने 35 फुटांची पातळी ओलांडली. बडोद्यात त्या पुराचा विषय अजून निघतोच, आणि आता तो कॉलेजच्या प्रोजेक्टांतही शिरलाय. दांडिया बाजारातल्या एका मुलीने पायथनमध्ये, मॅटप्लॉटलिब या आलेख काढायच्या लायब्ररीने, नदीच्या पातळीचा हलता आलेख केला होता. “काका, स्क्रीनवर मस्त चालतंय, सेव्ह करायला गेलं की एरर.” शेवटची ओळ होती: अननोन फाइल एक्स्टेन्शन, डॉट एमपी4. ती बिचारी फाइलचं नाव बदलून बदलून बघत होती. नावात काहीच खोट नव्हती. तिच्या लॅपटॉपवर एफएफएम्पेग हा व्हिडिओ बनवणारा प्रोग्रामच नव्हता.

हे असं का होतं, ते समजायला थोडं मागे जावं लागतं. मॅटप्लॉटलिब 2003 मध्ये बाहेर आलं. ते लिहिणारे जॉन हंटर मेंदूच्या विद्युत लहरींवर काम करत होते. त्यांना आलेख हवे होते, सिनेमा नव्हे. सुरुवातीला हलतं चित्र हवं असेल तर प्रत्येक फ्रेम पीएनजी म्हणून डिस्कवर लिहायची आणि मेंकोडरसारख्या प्रोग्रामने त्यांचा व्हिडिओ जोडायचा, असा घरगुती मामला होता. अ‍ॅनिमेशनचं वेगळं मॉड्यूल आलं ते 2011 च्या 1.1 आवृत्तीत. पण त्यानेही व्हिडिओ बनवण्याचं काम अंगावर घेतलं नाही. ते फक्त फ्रेम काढतं आणि पाइपमधून, म्हणजे दोन प्रोग्रामना थेट जोडणाऱ्या वाटेने, बाहेरच्या प्रोग्रामच्या हातात देतं. हा प्रोग्राम मध्येच मेला तर पायथनला कळतं ते इतकंच की पाइप तुटला. म्हणून ‘ब्रोकन पाइप’ दिसलं की पायथनचा कोड धुंडाळण्यात अर्थ नाही. खरं कारण एफएफएम्पेगने स्वतः छापलेल्या ओळींत असतं.

आता योगायोग बघा. ज्या वर्षी हे मॉड्यूल आलं, त्याच वर्षी एफएफएम्पेगचं घर फुटलं. फाब्रीस बेलार यांनी 2000 मध्ये सुरू केलेल्या या प्रकल्पातला एक गट 2011 मध्ये बाजूला झाला आणि त्याने लिबएव्ही काढलं. डेबियन आणि उबुंटू या लिनक्सच्या प्रणाली त्या गटाबरोबर गेल्या. उबुंटू 12.04 वर एफएफएम्पेग चालवलं की ‘हा प्रोग्राम आता जुना झाला, एव्हीकॉन्व्ह वापरा’ अशी सूचना यायची. एव्हीकॉन्व्ह हा लिबएव्हीचा प्रोग्राम. 14.04 मध्ये तर एफएफएम्पेगचं पॅकेजच नव्हतं. मॅटप्लॉटलिबला एव्हीकॉन्व्हसाठी वेगळा रायटर, म्हणजे फ्रेम त्याच्याकडे पोचवणारा कोडचा भाग, ठेवावा लागला. 15.04 मध्ये उबुंटू परत एफएफएम्पेगकडे आलं, लिबएव्ही पुढे विझलं आणि तो रायटरही काढून टाकला गेला. पण त्या काळात लिहिलेले सल्ले अजून फिरतात, आणि पोरं आज 2014 चा उपाय इमानेइतबारे चिकटवतात.

विंडोजवर वेगळीच गंमत. मॅटप्लॉटलिब जीआयएफसाठी इमेजमॅजिक हा चित्रांचा प्रोग्रामही वापरू शकतं. त्याची जुनी कमांड होती ‘कन्व्हर्ट’. विंडोजमध्ये त्याच नावाचा प्रोग्राम आधीपासून आहे, तो डिस्कचा फाइल सिस्टिम बदलतो! गोंधळ टाळायला मॅटप्लॉटलिबवर इमेजमॅजिकचा पत्ता रजिस्ट्रीतून, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीतून, शोधायची वेळ आली.

या कटकटीतून सुटका म्हणून नंतर पिलो रायटर आला. पिलो ही चित्रं हाताळणारी, पायथनच्याच घरातली लायब्ररी, वेगळं काही बसवायला नको. एफएफएम्पेग सापडलं नाही की मॅटप्लॉटलिब एक इशारा छापून पिलोकडे वळतं. पिलो जीआयएफ उत्तम लिहितं, एमपी4 त्याला येत नाही. मग ते बापडं म्हणतं, हे एक्स्टेन्शन मला माहीत नाही. वरचा इशारा कुणी वाचत नाही, खालची लाल ओळ सगळे वाचतात. सोय म्हणून केलेल्या बदलाने रोग एकीकडे आणि दुखणं दुसरीकडे, अशी अवस्था केली. माझ्या मते इथे सरळ थांबून ‘एफएफएम्पेग नाही’ एवढं सांगणं बरं झालं असतं.

एफएफएम्पेग असूनही ‘अननोन एन्कोडर लिबएक्स264’ येतं, त्यामागे पेटंट आहेत. लिबएक्स264 म्हणजे एच.264 या पद्धतीने व्हिडिओ आवळणारा एन्कोडर. 2003 मध्ये मंजूर झालेल्या एच.264 वर पेटंटांचं जाळं होतं, शिवाय लिबएक्स264 चा परवाना जीपीएल, म्हणजे सोबतचा कोडही खुला ठेवायची अट घालणारा. त्यामुळे काही ठिकाणी मिळणारं एफएफएम्पेग या एन्कोडरशिवायच बांधलेलं असतं. तेव्हा प्रोग्राम आहे की नाही एवढंच नको, तो कुठून आणलाय तेही बघायचं.

‘हाइट नॉट डिव्हिजिबल बाय टू’ हा एररही याच घराण्यातला. नेहमीच्या व्हिडिओत रंगाची माहिती दोन बाय दोन पिक्सेलच्या चौकडीला मिळून एकदाच साठवतात, म्हणून लांबी-रुंदी सम लागते. आकृती 7.25 इंच उंच आणि डीपीआय, म्हणजे एका इंचातले पिक्सेल, 100 असेल तर 725 पिक्सेल, आणि गाडी अडली. कोडेक, म्हणजे व्हिडिओ आवळायची पद्धत, एच264 ठेवला तर मॅटप्लॉटलिब माप गुपचूप जुळवून घेतं. तुम्ही हौसेने लिबएक्स264 आणि पिक्सेल फॉर्मॅट स्वतः लिहिलात की ते हात वर करतं.

एरर न देता फसवणारी एक गोष्ट मात्र आहे, फ्रेमची संख्या. फ्रेम जनरेटरमधून, म्हणजे एकेक करून पुरवणाऱ्या आणि एकूण किती ते आधी न सांगणाऱ्या फंक्शनमधून, दिल्या तर जुन्या आवृत्त्या पहिल्या 100 सेव्ह करून गप्प बसायच्या. 2023 च्या 3.7 आवृत्तीपासून ही मर्यादा उठली. आता न संपणारा जनरेटर दिला की सेव्हही संपत नाही, तेव्हा सेव्ह-काउंट, म्हणजे किती फ्रेम सेव्ह करायच्या तो आकडा, स्वतः द्यावा.