ओपीसी ५३ की पीपीसी? घरची माणसं हाताशी घेऊन बांधताना

ओपीसी म्हणजे साधं पोर्टलंड सिमेंट, पीपीसी म्हणजे राख मिसळलेलं पोर्टलंड सिमेंट. दोन्ही गोण्या ५० किलोच्या, आतला माल राखाडी, हाताला सारखाच लागतो. ५३ हा आकडा मोठा, भावही सहसा थोडा चढा, म्हणून 'घर काय पुन्हा पुन्हा बांधायचंय?' म्हणत पायापासून गिलाव्यापर्यंत ओपीसी ५३च मागवलं जातं. भाऊ, मेव्हणे, मित्र मिळून बांधणार असाल तर आधी दोन गोष्टी ठरवा: सेंट्रिंग (ओल्या काँक्रीटला धरणारे साचे आणि टेकू) किती दिवस अडकून राहिलं तर चालेल आणि रोज पाणी मारायला कोण असेल.

५३ म्हणजे सिमेंट-वाळूच्या ठोकळ्याने २८ दिवसांनी सोसायचा किमान दाब, न्यूटन प्रति चौरस मिलिमीटरमध्ये. पीपीसीची तीच अट ३३ ची. तिसऱ्या दिवशी ओपीसी ५३ ला २७ गाठावे लागतात, पीपीसीला १६. पीपीसीत १५ ते ३५ टक्के औष्णिक वीजकेंद्रातली राख असते. सिमेंट आळताना जो चुना सुटतो त्याच्याशी ती सावकाश जुळते, आणि ताकद २८ दिवसांनंतरही वाढत राहते. पण ओल टिकली तरच. मध्ये सुकलं तर राख नुसती भर म्हणून पडून राहते.

'५३ लवकर आळतं, पीपीसीला वेळ मिळतो' या भरवशावर मात्र राहू नका. आळायला सुरुवात ३० मिनिटांच्या आत होऊ नये आणि ते ६०० मिनिटांत पूर्ण व्हावं, ही अट दोघांनाही सारखीच आहे. घरच्या स्लॅबवर घोटाळा होतो तो जेवणाच्या वेळी. सगळे एकदम पानावर बसतात, कालवलेला माल तासभर पडतो, मग त्यात बादलीभर पाणी ओतून तो पुन्हा हलवला जातो. असा माल फेकून द्यायचा. पंगती दोन करा, मिक्सर चालू ठेवा. थांबणं भागच असेल तर सांधा (आधीच्या आणि नंतरच्या मालाचा जोड) गाळ्याच्या, म्हणजे दोन आधारांमधल्या अंतराच्या, मधल्या भागात घ्या, बीमला लागून नको.

एम२० या दर्जाच्या काँक्रीटसाठी सिमेंट, वाळू, खडीचं प्रमाण १:१.५:३. आतून ३५ × २५ × ४० सेंटिमीटरची पेटी म्हणजे ३५ लिटर, साधारण एका गोणीचं आकारमान. एका गोणीला दीड पेटी वाळू, तीन पेट्या खडी, पाणी जास्तीत जास्त ३० लिटर. वाळू ओली असेल तर त्याहून कमी. घमेल्यांनी मोजलं की प्रत्येक पाहुण्याचं घमेलं वेगळं भरतं. १००० चौरस फुटांच्या, ५ इंची स्लॅबला ९५ गोण्यांच्या आसपास लागतात. एका स्लॅबमध्ये दोन्ही सिमेंटं मिसळू नका. टेकू कधी काढायचे याचा हिशेबच राहत नाही.

ओपीसीवर ४.५ मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबचे टेकू किमान ७ दिवसांनी निघतात, त्याहून मोठ्या गाळ्याला १४, आणि ६ मीटरपर्यंतच्या बीमलाही १४. पीपीसीला याहून जास्त थांबावं लागतं. किती, ते इंजिनियरला विचारा. भाड्याचं सेंट्रिंग लवकर परत करायचं असेल तर ओपीसीचा खरा फायदा इथे आहे.

पाण्याचं गणित: ओपीसीला किमान ७ दिवस, कोरड्या कडक उन्हात १०. पीपीसीला किमान १०, शक्यतो १४. स्लॅबवर वाफे करून पाणी साठवा. कॉलमला गोणपाट गुंडाळून ते सतत ओलं ठेवा. स्लॅबच्या दिवशी वीस माणसं असतात, पाचव्या दिवशी पाइप धरायला एकही नसतो. तेव्हा कोणत्या वारी कुणाची पाळी हे स्लॅबआधीच लिहून ठेवा.

विटांच्या बांधकामाला आणि गिलाव्याला पीपीसीच घ्या. तिथे ५३ च्या ताकदीचा उपयोग नाही. उलट ते सुरुवातीला जास्त तापतं, आणि पाण्यात कसूर झाली तर गिलाव्याला केसासारख्या भेगा पडतात. कोकण किनाऱ्याच्या खाऱ्या हवेत तर स्लॅब-कॉलमलाही पीपीसी बरं, कारण नीट मुरलेल्या काँक्रीटमध्ये क्षार सळईपर्यंत उशिरा पोचतात.

गोणीवर छापलेला आठवडा, महिना, वर्ष बघून घ्या. तीन महिन्यांपेक्षा जुनं सिमेंट तपासल्याशिवाय वापरू नका. थप्पी फळ्यांवर, भिंतीपासून फूटभर लांब, दहा गोण्यांहून उंच नको.