तेलाने माखलेलं, तारेने बांधलेलं

25 जुलै 1909 रोजी फ्रेंच वैमानिक लुई ब्लेरिओने कॅलेहून डोव्हरला विमान नेऊन इंग्लिश खाडी ओलांडली. विमानाच्या नाकावर आलेस्सांद्रो अंझानीचं तीन सिलिंडरचं इंजिन होतं, ताकद जेमतेम 25 अश्वशक्ती. आजची बरीशी मोटारसायकल याहून जोरकस असते!

त्या काळच्या विमानांना रेडिएटर आणि पाण्याचं ओझं परवडत नव्हतं. इंजिन वाऱ्यावरच थंड करायचं, तर प्रत्येक सिलिंडर वाऱ्यासमोर हवा. म्हणून ते एकामागे एक न लावता क्रँकशाफ्टभोवती, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या दांड्याभोवती, पसरले. चाकाच्या आऱ्यांसारखी सिलिंडरांची मांडणी असलेलं इंजिन म्हणजे रेडियल. त्यामुळे इंजिन आखूडही झालं आणि हलकंही.

ब्लेरिओच्या इंजिनात मात्र तिन्ही सिलिंडर वरच्याच बाजूला पसरलेले होते. सिलिंडर उलटा टांगला की तेल ओघळून त्यात उतरतं, प्लग माखतो आणि ठिणगीच पडत नाही. वरच्या मांडणीत ते टळलं, पण स्फोटांमधलं अंतर असमान झालं आणि इंजिन थरथरू लागलं. पुढे अंझानीने सिलिंडर 120 अंशांवर बसवले. एक सोडून एक पेटवत गेलं, की क्रँकशाफ्टच्या दर 240 अंशांना नेमका एक स्फोट होतो. हे गणित विषम संख्येलाच जमतं. म्हणून चार-स्ट्रोक (दोन फेऱ्यांत प्रत्येक सिलिंडरात एकच स्फोट होणाऱ्या) रेडियलच्या एका रांगेत 3, 5, 7 किंवा 9 सिलिंडर असतात. तेलाची कटकट मात्र परत आली. रेडियल सुरू करण्याआधी प्रोपेलर हाताने फिरवून पाहतात तो त्यासाठीच: खालच्या सिलिंडरात तेल तुंबलं असेल तर पिस्टन अडतो, आणि तसंच रेटलं तर पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणारा कनेक्टिंग रॉड वाकतो.

अंझानीने यंत्रणा साधी ठेवली होती. इंधन-हवा आत घेणारी झडप पिस्टनच्या ओढीनेच उघडे. सिलिंडरच्या तळाशी भोकं होती; तिथून जळका वायू लवकर बाहेर पडे, सोबत तेलाचे शिंतोडेही. ते वैमानिकाच्या तोंडावर.

अमेरिकेतल्या सेकेली कंपनीच्या 1930 च्या सुमाराच्या तीन सिलिंडरी इंजिनाची खोड याहून भयंकर. उडता उडता सिलिंडरच निखळायचा! त्यावरचा उपाय मला फार आवडतो: तिन्ही सिलिंडरांच्या डोक्यांभोवती पोलादी तार आवळून बांधायची. कर्टिस-राइट ज्युनिअर या विमानात हे इंजिन वैमानिकाच्या मागे, आणि प्रोपेलर त्याच्याही मागे. निखळलेला सिलिंडर थेट पात्यांत जाण्याची भीती, म्हणून तिथे ही तार फारच मोलाची.