पार्श्वभूमी: पेव्हमेंट आणि अल्बमबाहेर राहिलेलं गाणं

पेव्हमेंट या अमेरिकन इंडी रॉक बँडचं आज स्ट्रीमिंगवर सर्वाधिक ऐकलं जाणारं गाणं त्यांच्या पाच अल्बमपैकी एकावरही आलं नव्हतं. ‘हार्नेस युअर होप्स’ ध्वनिमुद्रित झालं ते चौथ्या अल्बमच्या, म्हणजे ‘ब्रायटन द कॉर्नर्स’च्या वेळी. बाहेर आलं थेट १९९९ मध्ये, एका ईपीच्या, म्हणजे मोजक्या गाण्यांच्या छोट्या रेकॉर्डच्या पोटात.

सुरुवातीची वर्षं चाहत्यांना पाठ आहेत: १९८९, कॅलिफोर्नियातलं स्टॉकटन, दोन मित्र, मैफलीत हातांवर उलटा उभा राहणारा, वयाने बराच मोठा ड्रमर, आणि १९९२ चा पहिला अल्बम ‘स्लँटेड अँड एन्चँटेड’. खरी गंमत नंतरची. १९९४ मध्ये त्यांचं ‘कट युअर हेअर’ हे गाणं रेडिओवर वाजू लागलं आणि आता हा बँड मोठा होणार, असं सगळ्यांनी गृहीत धरलं. पुढच्याच वर्षी त्यांनी ‘वॉवी झोवी’ हा अल्बम काढला. अठरा गाणी, दोन तबकड्यांच्या तीन बाजू भरलेल्या, चौथी कोरी. त्याच उन्हाळ्यात एका फिरत्या महोत्सवात, वेस्ट व्हर्जिनियात, प्रेक्षकांनी त्यांच्यावर चिखल फेकला.

त्यामुळे १९९७ च्या ‘ब्रायटन द कॉर्नर्स’वर काय ठेवायचं हा प्रश्न साधा नव्हता. बारा गाणी घेतली, आणि सर्वांत चटकन तोंडात बसणारं नेमकं बाहेर ठेवलं. हातातलं हिट गाणं घालवलं, असं बरेच जण आजही म्हणतात. मला हे पटत नाही. ‘ब्रायटन द कॉर्नर्स’ हा संथ, सावरून चालणारा अल्बम आहे. ‘हार्नेस युअर होप्स’मधली यमकांची बेफाम लड मध्येच फुटली असती, तर त्यातल्या ‘शेडी लेन’ या गाण्यानंतरचा सगळा भाग मंद वाटला असता. शिवाय हिट होण्याचा हिशेब आजच्या आकड्यांवरून मांडला जातो; १९९७ च्या रेडिओला ते रुचलं असतं याला काही आधार नाही.

मग ते चाललं कशामुळे? २०१७ च्या सुमारास एका मोठ्या स्ट्रीमिंग सेवेत यादी संपल्यावर पुढचं गाणं आपोआप वाजणं ही नेहमीची गोष्ट झाली. तिथल्या गाणी निवडणाऱ्या गणिताने (अल्गोरिदमने) ‘हार्नेस युअर होप्स’ उचललं, असं स्पष्टीकरण सहसा दिलं जातं. ते इतर लोकप्रिय गाण्यांच्या शेजारी खपून जातं, हे त्यामागचं कारण. म्हणजे बँडच्या स्वभावाला सर्वांत कमी चिकटलेलं गाणंच त्यांची ओळख बनलं. जुन्या चाहत्यांची कुरकुर इथली आहे, आणि ती अगदीच निराधार नाही.

बँड तोवर कधीच फुटला होता. नोव्हेंबर १९९९ मध्ये लंडनच्या शेवटच्या मैफलीत गायकाने माइकला हातकडी लटकवून बँडमध्ये असणं म्हणजे काय, ते दाखवून दिलं. २०१० मध्ये एकदा जमले, पांगले. २०२० पासून छोट्या व्हिडिओंमध्ये गाणं पसरलं. २०२२ मध्ये, तेवीस वर्षांनी, त्याचा पहिला अधिकृत व्हिडिओ आला आणि नव्या दौऱ्यात ते मंचावरही वाजलं. २०२४ मध्ये व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात दाखवलेल्या त्यांच्यावरच्या चित्रपटात खरा माहितीपट आणि खोटा चरित्रपट यांची सरमिसळ आहे.