शोक शस्त्र: छावणीतून मुक्तिस्तंभापर्यंत

दरवर्षी १७ सप्टेंबरच्या, म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या सकाळी छत्रपती संभाजीनगरच्या सिद्धार्थ उद्यानात स्मृतिस्तंभासमोर पोलीस पथक मानवंदना देतं. एनसीसीत असताना मीही तालुक्याच्या स्तंभापाशी उभा राहिलोय, म्हणून सांगतो, सगळ्यात अवघड हुकूम 'शोक शस्त्र'. रायफल सावकाश उलटी करायची, नळीचं तोंड बुटाच्या टोकावर टेकवायचं, दोन्ही तळवे दस्त्यावर एकावर एक, मान खाली. पाठ मात्र ताठ. भाद्रपदातलं ऊन, घाम हनुवटीवरून ओघळून बोटांवर पडतो. तो पुसायचा नाही.

ही बंदुकीची कवायत आपल्याकडे आली ती छावण्यांतून. खर्च निजामाचा आणि हुकूम इंग्रज अधिकाऱ्यांचा, अशी हैदराबाद कंटिंजंटची फौज औरंगाबाद, जालना, हिंगोलीत असायची. १९०३ मध्ये ती ब्रिटिश हिंदी सैन्यात मिसळली. तिच्या पायदळातून पुढे हैदराबाद रेजिमेंट झाली आणि १९४५ मध्ये तिला कुमाऊं हे नाव मिळालं. पहिले परमवीरचक्र मानकरी मेजर सोमनाथ शर्मा याच रेजिमेंटचे. हिंगोलीच्या पोरांना हे शाळेत सांगायला हवं, असं मला फार वाटतं.

दिल्लीत २६ जानेवारी १९७२ ला इंडिया गेटखाली अमर जवान ज्योत लागली. उलटी रायफल, वर शिरस्त्राण आणि शेजारी तिन्ही दलांच्या जवानांचा अहोरात्र पहारा. २०२२ मध्ये ती ज्योत राष्ट्रीय युद्ध स्मारकातल्या ज्योतीत विलीन केली.

आपल्या स्तंभासमोरची मानवंदना मात्र वेगळी. इथे रायफल झुकते ती बहुतेक करून फौजेत कधीच नसलेल्यांपुढे: शेतकरी, शिक्षक, विद्यार्थी, निजामाविरुद्ध लढणाऱ्या हैदराबाद स्टेट काँग्रेसचे कार्यकर्ते. देश १५ ऑगस्ट १९४७ ला स्वतंत्र झाला तरी मराठवाडा निजामाच्याच ताब्यात होता. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौज सोलापूरकडून आत शिरली, पहिल्याच दिवशी नळदुर्गजवळचा बोरी नदीवरचा पूल तिच्या हाती आला आणि १७ तारखेला निजामाने शस्त्रं खाली ठेवली. लष्करी कारवाई पाच दिवसांत आटोपली. पण या लढ्यातले पहिले हुतात्मे मानले जाणारे गोविंदराव पानसरे १९४६ मध्येच बिलोली भागात मारले गेले होते. नळदुर्गचा पूल ओलांडणारे रणगाडे पाहायला ते उरले नव्हते.