अकूस्टिक गिटारचे आकार आणि मॉडेलची नावे : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

दुकानात येणारे बरेच ग्राहक ‘४१ इंची गिटार दाखवा’ अशी मागणी करतात. हा आकडा गिटारच्या डोक्यापासून बुडापर्यंतच्या एकूण लांबीचा असतो. बॉडी किती रुंद आणि किती खोल आहे, वाजवताना ती मांडीवर कशी बसेल, हे त्यावरून कळत नाही. तानपुरा पसंत करताना आपण भोपळ्याचा घेर पाहतो, केवळ दांडीच्या लांबीवर जात नाही. गिटारलाही तोच न्याय लावावा. पाहण्याजोगी मापे चार आहेत : ब्रिजकडच्या (बॉडीवर तारा जिथे अडकवतात त्या पट्टीकडच्या) फुगवट्याची सर्वाधिक रुंदी, कमरेची रुंदी, बॉडीची खोली आणि नटपासून (डोक्याजवळची खाचांची पट्टी) सॅडलपर्यंतची (ब्रिजवरची तारा टेकणारी पट्टी) तारेची लांबी, म्हणजेच स्केल.

नावांचा गोंधळ समजून घ्यायचा असेल, तर अमेरिकेतील मार्टिन या जुन्या कंपनीपासून सुरुवात करावी लागते, कारण पुढे अनेकांनी तिचीच अक्षरे उचलली. एकोणिसाव्या शतकात मार्टिनचे आकडे उलटे चालत : ५ क्रमांकाची गिटार लहान, १ क्रमांकाची मोठी. पुढे १ पेक्षाही मोठी बॉडी करायची वेळ आली तेव्हा ० आले, मग ०० आणि १९०२ मध्ये ०००. म्हणून शून्ये जितकी जास्त, तितकी बॉडी मोठी. फुगवट्याची रुंदी ० मध्ये सुमारे साडेतेरा इंच, ०० मध्ये सव्वाचौदाच्या किंचित वर आणि ००० मध्ये १५ इंच असते.

‘डी’ म्हणजे ड्रेडनॉट. ब्रिटिश नौदलाच्या १९०६ मधील युद्धनौकेवरून हे नाव आले. मार्टिनने १९१६ मध्ये हा आकार बोस्टनच्या डिटसन कंपनीसाठी बनवला आणि स्वतःच्या नावाने तो १९३१ मध्ये बाजारात आणला. गंमत अशी की ड्रेडनॉटची रुंदी १५ ५/८ इंच, म्हणजे ००० पेक्षा जेमतेम १६ मिलिमीटर अधिक असते. तरीही ती हातात घेताच फार मोठी वाटते, याचे कारण कमरेत आणि खोलीत आहे : ००० ची कंबर साडेनऊ इंचांच्या आसपास, तर ड्रेडनॉटची पावणेअकराच्या आसपास, खोलीही सुमारे पाऊण इंचाने जास्त. बसून वाजवणाऱ्याचा उजवा खांदा वर उचलला जातो, तो मुख्यतः या खोलीमुळे.

‘१८ मोठी की २८?’ हा प्रश्न आम्हाला नेहमी विचारला जातो. आडव्या रेघेपुढचा आकडा आकाराचा नसून लाकूड व सजावटीचा असतो. डी-१८ आणि डी-२८ यांची बॉडी एकाच मापाची असते. पहिलीची पाठ व बाजू महोगनीच्या, दुसरीच्या रोझवुडच्या.

‘ओएम’चे, म्हणजे ऑर्केस्ट्रा मॉडेलचे, प्रकरण अधिक नाजूक आहे. १९२९ च्या सुमारास आलेल्या या गिटारची बॉडी ००० चीच असते, मात्र स्केल २५.४ इंच असते, तर ०००-२८ चे २४.९. हा फरक अर्ध्या इंचाचा दिसला, तरी त्याच तारा त्याच सुरांना लावल्यावर लहान स्केलवरचा ताण सुमारे ४ टक्क्यांनी कमी पडतो आणि नवशिक्या बोटांना तो जाणवतो. पण एवढे पाठ करून निर्धास्त राहू नये, कारण ०००-१५एम या मॉडेलवर नाव ००० चे असूनही स्केल २५.४ इंचांचेच आहे.

दुसऱ्या कंपनीच्या दारात पाऊल टाकताच हा कोश बदलतो. टेलरच्या तीन आकड्यांत पहिला मालिका सांगतो आणि शेवटचा बॉडी : ० म्हणजे ड्रेडनॉट, २ म्हणजे ग्रँड कॉन्सर्ट, ४ म्हणजे ग्रँड ऑडिटोरियम; ८१४सीई मधील ‘सी’ कटअवेचा (वरच्या सुरांपर्यंत हात पोहोचावा म्हणून बॉडीला दिलेल्या खाचेचा) आणि ‘ई’ इलेक्ट्रॉनिक्सचा. मार्टिनच्या जुन्या परिभाषेत मात्र ग्रँड कॉन्सर्ट म्हणजे ००, तर टेलरची ग्रँड कॉन्सर्ट १५ इंच रुंद, म्हणजे मार्टिनच्या ००० एवढी. गिब्सनच्या जे-४५ मधील ‘जे’ जम्बोचा असला, तरी ती प्रत्यक्षात उतरत्या खांद्यांची ड्रेडनॉट आहे. खरी थोराड, सुमारे १७ इंची गिटार म्हणजे एसजे-२००. आपल्याकडे तर साध्या ड्रेडनॉटलाही सर्रास जम्बो म्हटले जाते.

यामाहाच्या बाबतीत हिशेब सोपा आहे. एफजी८०० ही मोठी गिटार. तिचे स्केल ६५० मिलिमीटर. एफएस८०० लहान, कमी खोल आणि ६३४ मिलिमीटर स्केलची. एफजी८२०, एफजी८३० हे वाढते आकडे आकार वाढवत नाहीत. बदलते ते मुख्यतः पाठीचे व बाजूंचे लाकूड.

निवडीबाबत आमचे मत स्पष्ट आहे. उभे राहून, पिकने झोडत गाण्याला साथ करायची असेल तर ड्रेडनॉटचा भरदार खर्ज उपयोगी पडतो. घरी बसून बोटांनी वाजवणाऱ्यांनी, तसेच बारीक चणीच्या किंवा शाळकरी विद्यार्थ्यांनी ०००, ओएम किंवा एफएस आधी हाताळून पाहावी. ‘मूल वाढणारच आहे’ म्हणून मोठी गिटार घेणारे पालक भेटतात. कपड्यांसाठी हा हिशेब ठीक आहे, परंतु खांदा दुखू लागलेले मूल गिटार कोपऱ्यात ठेवते.

घरच्या गिटारशी तुलना करायची असल्यास ती उताणी ठेवून फुगवटा पट्टीने सरळ रेषेत मोजावा; शिंप्याची टेप बॉडीच्या वळणावरून फिरवू नये. ही मापे लिहून आणल्यास गिटारची केस, म्हणजे ती ठेवायची पेटीही अचूक देता येते, कारण केसवरच्या ‘जम्बो’चाही भरवसा नाही, आणि ड्रेडनॉटच्या हार्ड केसमध्ये १७ इंची गिटार बसत नाही.