कॅलेंडरमधल्या आगंतुक नोंदी: येतात कुठून, घालवायच्या कशा

फोनच्या कॅलेंडरमध्ये अचानक नोंदींची रांग लागते. ‘तुमच्या फोनमध्ये व्हायरस सापडला आहे’, ‘तुमचं संरक्षण आज संपतंय’, ‘अभिनंदन, तुम्हाला बक्षीस लागलंय’. प्रत्येक नोंदीत एक लिंक आणि बहुतेक नोंदींना गजर. दिवसभर फोन वाजत राहतो. एक नोंद पुसावी तर दुसरी डोकं वर काढते, आणि कधीकधी पुसलेलीच थोड्या वेळाने पुन्हा हजर होते. साहजिकच माणूस धास्तावतो. फोन हॅक झाला, आता सगळं पुसून नव्याने सुरू करावा लागणार, असं वाटायला लागतं.

बहुतेक वेळा असं काहीही झालेलं नसतं. फोनमध्ये कुठलाही घातक प्रोग्रॅम शिरलेला नसतो आणि फोनचा ताबाही कुणाकडे गेलेला नसतो. कॅलेंडर त्याला नेमून दिलेलं कामच करत असतं, फक्त भलत्याच माणसाच्या सांगण्यावरून. त्यामुळे एकेक नोंद पुसत बसण्यात फारसा अर्थ नाही. नोंद कोणत्या वाटेने आत आली हे आधी ओळखायला हवं. वाटा मुख्यतः दोन आहेत आणि दोन्हींवरचे उपाय अगदी वेगळे आहेत.

आधी कॅलेंडरच्या पोटात काय असतं ते पाहू. 1990च्या दशकात प्रत्येक कंपनीचं कॅलेंडर आपापली भाषा बोलत असे. एकाने ठरवलेली बैठक दुसऱ्याच्या संगणकात उतरत नसे. 1996मध्ये अॅपल, एटीअँडटी, आयबीएम आणि सीमेन्स यांच्या गटाने व्हीकॅलेंडर नावाचा समान आराखडा तयार केला. त्याच्या पायावर नोव्हेंबर 1998मध्ये आयकॅलेंडर हे प्रमाणक प्रसिद्ध झालं आणि 2009मध्ये त्याची सुधारित आवृत्ती आली. आज गूगल, अॅपल आणि मायक्रोसॉफ्ट या तिन्हींची कॅलेंडरं हीच भाषा वाचतात. विमानाचं तिकीट काढल्यावर ईमेलसोबत कधीकधी एक आयसीएस फाइल येते, तीही याच भाषेत लिहिलेली असते.

ही फाइल साध्या नोटपॅडमध्ये उघडून पाहा. तिच्यात गूढ असं काही नाही, नुसत्या मजकुराच्या ओळी असतात. ‘डीटीस्टार्ट’च्या ओळीत सुरुवातीची तारीख-वेळ. ‘समरी’च्या ओळीत मथळा, व्हायरसची भीती घालणारं वाक्य इथेच लिहिलेलं असतं. ‘ऑर्गनायझर’च्या ओळीत बोलावणाऱ्याचा पत्ता आणि ‘अटेंडी’च्या ओळीत तुमचा. तुमच्या पत्त्याला एक शेरा जोडलेला असतो, ‘नीड्स अॅक्शन’, म्हणजे उत्तर येणं बाकी आहे. ‘आरआरयूल’ या ओळीत ‘रोज, तीस वेळा’ एवढं लिहिलं की त्या एका ओळीतून महिनाभराच्या तीस नोंदी उमटतात. कॅलेंडर भरून टाकायला स्पॅमवाल्याला फार कष्ट पडत नाहीत ते यामुळेच. शेवटी गजराचा छोटासा भाग असतो: किती मिनिटं आधी वाजायचं ते. तो नसला, तरी बरीचशी अॅप्स आपल्या नेहमीच्या सेटिंगप्रमाणे आठवण करून देतातच.

एक गोष्ट या फाइलमध्ये कुठेच नसते: बोलावणारा माणूस तुमच्या ओळखीचा आहे की नाही. ज्यांनी हे प्रमाणक घडवलं, त्यांच्या डोळ्यांसमोर एकाच कचेरीतली किंवा एकमेकांशी व्यवहार असलेली माणसं होती. स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाचा खाडा आणि गॅसच्या सिलिंडरची तारीख घरातलंच माणूस लिहितं. फोनमधल्या कॅलेंडरवर मात्र जगातला कुणीही लिहू शकतो, अशी ही रचना झाली.

पहिली वाट आहे निमंत्रणाची. तुमचा ईमेल पत्ता माहीत असलेला कुणीही तुम्हाला बैठकीचं निमंत्रण पाठवू शकतो. ते तुम्ही स्वीकारण्याआधीच बऱ्याच कॅलेंडरांमध्ये तात्पुरती नोंद म्हणून दिसायला लागतं. हेतू चांगला होता. मंगळवारी दुपारी तीनला कुणी बोलावलंय हे डोळ्यांसमोर असलं की ती वेळ आपण दुसऱ्या कुणाला देत नाही. पण उत्तराआधीच जागा मिळते म्हटल्यावर जाहिरातवाल्यांना आयतंच फावलं.

नोव्हेंबर 2016मध्ये याचा मोठा तडाखा अॅपलच्या आयक्लाउड वापरणाऱ्यांना बसला. अमेरिकेत ब्लॅक फ्रायडेच्या खरेदीचे दिवस होते. रे-बॅनचे गॉगल आणि महागड्या ब्रँडच्या हँडबॅगा स्वस्तात, अशी निमंत्रणं आयफोनमध्ये धडाधड येऊन पडली. त्या वेळी स्क्रीनवर तीनच पर्याय होते: स्वीकार, नकार, किंवा कदाचित. लोक साहजिकच नकार दाबत होते, आणि नेमकी तिथेच गोम होती. प्रमाणकाप्रमाणे नकार हेही एक उत्तर आहे आणि ते निमंत्रण देणाऱ्याला पोचतं. लाखो पत्त्यांवर अंदाजाने निमंत्रणं पाठवणाऱ्याला त्यातले कोणते पत्ते जिवंत आहेत हेच तर हवं असतं. ‘नको’ म्हणणारा माणूस त्याच्या यादीत पक्का होत होता.

यावर त्या काळात लोकांनी एक युक्ती शोधली. एक नवं रिकामं कॅलेंडर तयार करायचं, नको असलेली नोंद त्यात हलवायची आणि मग ते अख्खं कॅलेंडरच ‘कळवू नका’ म्हणत पुसून टाकायचं. नोंद जायची आणि उत्तरही जायचं नाही. अॅपलने ग्राहकांची माफी मागितली आणि डिसेंबर 2016मध्ये आयक्लाउडच्या वेबसाइटवर ‘रिपोर्ट जंक’ हे बटण आणलं. पुढे ते आयफोनमध्येही आलं. आज अनोळखी निमंत्रण आलं तर तेच दाबावं. नोंद जाते आणि पाठवणाऱ्याला काही कळत नाही.

गूगलची पाळी 2019मध्ये आली. त्या वर्षी मे महिन्यात जीमेल वापरणाऱ्यांच्या कॅलेंडरमध्ये अशा नोंदींचा पूर आल्याचं कॅस्परस्की या सुरक्षा कंपनीने सांगितलं. लिंक दाबली की एक सोपी प्रश्नावली, मग बक्षीस, आणि ते मिळवण्यासाठी किरकोळ शुल्क म्हणून कार्डाचे तपशील. फसवणुकीचा हा साचा जुनाच, फक्त तो मेलऐवजी कॅलेंडरमधून येऊ लागला. सप्टेंबरमध्ये गूगलनेही हा त्रास होत असल्याचं मान्य केलं.

मेलमधला स्पॅम जीमेल इतक्या शिताफीने अडवतं, मग हा कसा सुटतो? मेल खरा आहे की नाही हे ठरवताना काही तपासण्या होतात. ज्या सर्व्हरवरून तो आला, त्याला त्या पत्त्याच्या नावाने पाठवायचा अधिकार आहे का? त्याच्यावरची डिजिटल सही जुळते का? एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क ही त्या तपासण्यांची नावं. आता स्पॅमवाल्याने स्वतःचं गूगल खातं उघडलं आणि गूगल कॅलेंडरमधूनच निमंत्रण धाडलं, तर तो मेल खरोखरच गूगलच्या सर्व्हरवरून निघालेला असतो. सही अस्सल असते आणि सगळ्या तपासण्या तो पार करतो. पाकीट खरं आहे एवढंच त्यातून सिद्ध होतं; आतला मजकूर लबाडीचा आहे की नाही, हे या तपासण्या पाहतच नाहीत. डिसेंबर 2024मध्ये चेक पॉइंट या कंपनीने अशाच एका मोहिमेची माहिती दिली: चार आठवड्यांत 4,000हून अधिक मेल, सगळे गूगल कॅलेंडरच्या निमंत्रणाच्या रूपात.

गूगल कॅलेंडर वापरत असाल तर नोंद उघडा, वरचे तीन ठिपके दाबा आणि ‘रिपोर्ट अॅज स्पॅम’ निवडा. नकार दाबू नका. नुसतं डिलीट करणंही टाळा, कारण बऱ्याच ठिकाणी निमंत्रण पुसणं म्हणजे नकार देणंच धरलं जातं. मग सेटिंग्जमध्ये जाऊन निमंत्रणं कॅलेंडरमध्ये कधी उतरावीत हा पर्याय शोधा. तिथे तीन उत्तरं दिसतील: कुणाकडूनही, फक्त ओळखीच्यांकडून, किंवा मी मेलला उत्तर दिल्यावरच. मधलं निवडलं की तुमच्या संपर्कयादीतले, तुमच्याच संस्थेतले किंवा पूर्वी ज्यांच्याशी पत्रव्यवहार झाला आहे अशांचीच निमंत्रणं थेट उतरतात. अनोळखी माणसाचा मेल येतो, पण कॅलेंडर स्वच्छ राहतं. ही सोय 2022मध्ये आली. ती ज्याची त्याने सेटिंग्जमध्ये शिरून शोधावी लागते, हे मला चुकीचं वाटतं. फोन नुकताच शिकलेल्या आजीआजोबांनी इतक्या आत जावं अशी अपेक्षा धरण्यापेक्षा नव्या खात्यात आधीपासूनच दार बंद ठेवणं कंपनीला सहज शक्य आहे.

दुसरी वाट सबस्क्रिप्शनची, आणि आयफोनवर व्हायरसची भीती घालणाऱ्या ज्या नोंदी दिसतात त्या बहुतांशी हिच्यातूनच येतात. इथे कुणी काही पाठवत नाही. आपला फोनच ते ओढून आणतो. कॅलेंडरला एका वेबपत्त्याची वर्गणी लावता येते. सुट्ट्यांची यादी, क्रिकेटचं वेळापत्रक, शाळेच्या परीक्षा यांसाठी ही फार उपयोगी सोय आहे. सामना पुढे ढकलला की फोनमधली तारीख आपोआप बदलते, कारण फोन ठरावीक काळाने त्या पत्त्यावर जाऊन ताजी यादी आणत असतो.

फसवणूक अशी होते. चित्रपट फुकट दाखवणाऱ्या किंवा तसल्याच एखाद्या संशयास्पद साइटवर ‘तुम्ही रोबोट नाही हे दाखवण्यासाठी ओके दाबा’ अशी सूचना येते. पाठोपाठ फोनची स्वतःची छोटी खिडकी उघडते आणि विचारते, या कॅलेंडरची वर्गणी घ्यायची का? घाईत माणूस तिथेही होकार देऊन टाकतो. एवढ्या एका होकारावर पुढचे सगळे महिने यादी येत राहते.

या नोंदी एकेक करून पुसता येत नाहीत याचं कारण आता लक्षात येईल. वर्गणीचं कॅलेंडर फक्त वाचण्यासाठी असतं, त्याची मूळ प्रत दुसऱ्याच्या सर्व्हरवर असते. काढायची ती वर्गणीच. आयफोनवर त्यातली कुठलीही नोंद उघडली की तळाशी ‘अनसबस्क्राइब फ्रॉम धिस कॅलेंडर’ असा पर्याय दिसतो. तो दाबून होकार दिला की त्या कॅलेंडरच्या साऱ्या नोंदी एका दमात जातात. तो दिसला नाही, तर सेटिंग्जमधल्या कॅलेंडरच्या खात्यांमध्ये जाऊन ‘सबस्क्राइब्ड कॅलेंडर्स’ पाहावं आणि अनोळखी नाव काढून टाकावं. आयओएस 18पासून हा भाग सेटिंग्जमध्ये ‘अॅप्स’च्या आत गेला आहे. गूगल कॅलेंडरमध्ये वेबपत्त्याने जोडलेली कॅलेंडरं ‘अदर कॅलेंडर्स’खाली असतात. मोबाइल अॅपमध्ये त्यांच्यासमोरची टिक काढली तर ती फक्त लपतात. कायमची काढण्यासाठी संगणकावर जावं लागतं.

अँड्रॉइडवर आणखी एक फट असते. एखादं फुकट अॅप बसवताना कॅलेंडरची परवानगी मागतं आणि आपण देतो. मग ते अॅप स्वतःच नोंदी लिहू शकतं. परमिशन मॅनेजरमध्ये कॅलेंडर उघडून ज्या अॅपचा तारखांशी संबंध नाही त्याची परवानगी काढावी. आणि कधी ते कॅलेंडर नसतंच, ब्राउझरमधून एखाद्या साइटची सूचना आलेली असते. सूचनेवर बोट दाबून धरलं की ती कुठल्या अॅपची आहे ते दिसतं.

वर्गणीची सगळ्यात काळजी करायला लावणारी बाजू नोव्हेंबर 2025मध्ये बिटसाइट या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी समोर आणली. ज्यांनी कधीकाळी प्रामाणिकपणे सुट्ट्यांची कॅलेंडरं चालवली, त्यातल्या अनेकांनी पुढे वेबपत्त्याचं नूतनीकरण केलं नाही. पत्ता बेवारस झाला, पण लोकांचे फोन नेमाने तिथे जाऊन ताजी यादी मागतच राहिले. संशोधकांना असे 390हून अधिक पत्ते आणि त्यांच्याकडे यादी मागणारी सुमारे 40 लाख उपकरणं आढळली. असा बेवारस पत्ता कुणीही रीतसर विकत घेऊ शकतो आणि त्या फोनांमध्ये हवं ते लिहू शकतो. या लोकांनी कुठल्याही भलत्या लिंकवर बोट ठेवलं नव्हतं. म्हणून वर्गणीच्या यादीतून, नाव कितीही निरुपद्रवी वाटलं तरी, वापरात नसलेलं काढलेलं बरं.

आता कॅलेंडर वाचणारं आणखी कुणीतरी फोनमध्ये आलं आहे. ऑगस्ट 2025मध्ये इस्राएलमधल्या तेल अवीव विद्यापीठ, टेक्निऑन हे तंत्रज्ञान विद्यापीठ आणि सेफब्रीच ही सुरक्षा कंपनी इथल्या संशोधकांनी एक प्रयोग जाहीर केला. त्यांनी गूगल कॅलेंडरचं एक निमंत्रण पाठवलं आणि त्याच्या मजकुरात गूगलच्या जेमिनी या एआय सहायकासाठी सूचना दडवल्या. फोनच्या मालकाने जेमिनीला विचारलं, या आठवड्यात माझे काय कार्यक्रम आहेत? जेमिनीने नोंदी वाचल्या, त्यातल्या सूचनाही वाचल्या, आणि मालकाने ‘थँक्स’ म्हणताच त्या पाळल्या. जेमिनीशी जोडलेल्या त्या घरातले दिवे बंद झाले, खिडकीचे पडदे सरकले, पाणी तापवायचा बॉयलर सुरू झाला. संशोधकांनी हे फेब्रुवारीतच गूगलला कळवलं होतं आणि कंपनीने त्यावर बचावाचे उपाय केले. तरी मुद्दा उरतोच. आपण न उघडलेली नोंदही आता आपल्या वतीने कुणीतरी वाचतं, आणि माहिती कोणती, हुकूम कोणता हा भेद त्याला दर वेळी कळतोच असं नाही. अनोळखी निमंत्रणांना उंबऱ्यावरच थांबवण्याचं हे आणखी एक कारण.

नोंदीतली लिंक चुकून उघडली गेली असेल तर तेवढ्याने सहसा नुकसान होत नाही. पान बंद करा आणि तिथून काही डाउनलोड झालं असेल तर पुसून टाका. पासवर्ड दिला असेल तर तो लगेच बदला आणि तोच पासवर्ड इतर कुठे वापरत असाल तर तिथेही बदला. कार्डाचे तपशील किंवा ओटीपी दिला असेल तर आधी बँकेला सांगून कार्ड बंद करा. पैसे गेले असतील तर उशीर न करता राष्ट्रीय सायबर गुन्हे हेल्पलाइनच्या 1930 या क्रमांकावर तक्रार नोंदवा. पैसा एका खात्यातून दुसऱ्या खात्यात हलवला जाण्याआधी तो गोठवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच सर्वांत जास्त असते.