'टू' आणि क्रियापदाच्या मध्ये शब्द चालतो का?

चालतो. इंग्रजीत 'टू' आणि क्रियापद यांची फारकत करू नये, हा दंडक 19व्या शतकातल्या व्याकरणकारांनी रुजवला. लोक तर 14व्या शतकातही मध्ये शब्द घालून लिहीत होते. या दंडकासाठी लॅटिनचा दाखला देतात, पण तिथे 'टू' आणि क्रियापद या जोडीच्या जागी एकच शब्द असतो, तोडणार काय?

उलट हट्टाने शब्द हलवला की अर्थ बिघडतो. 'शी डिसायडेड टू ग्रॅज्युअली रिड्यूस द डोस' म्हणजे डोस हळूहळू कमी करायचा. 'शी डिसायडेड ग्रॅज्युअली टू रिड्यूस द डोस' म्हटलं, तर निर्णयच हळूहळू झाला असंही वाटतं.

खरी अडचण वेगळीच: क्रियापद आणि कर्म यांच्यामध्ये क्रियाविशेषण घुसवणं. 'शी स्पीक्स फ्लुएंटली इंग्लिश' खटकतं. 'शी स्पीक्स इंग्लिश फ्लुएंटली' बरोबर.